चौथ्या भागातलं आईचं रडणं

आमच्या मुरुम गावात आईसारखं रडणारी बाई दुसरी नव्हती. हे मी अभिमानानं सांगते आहे, ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. मयताच्या घरी आई पोचली की आधी बसलेल्या बायका सरकून तिला जागा करायच्या. ती उंबऱ्यातच गळा काढायची, घरातल्या बाईच्या गळ्यात पडायची आणि मग तिचा हेल सुरू व्हायचा. गेलेल्या माणसाचा सगळा जन्म त्यात यायचा. त्याला काय आवडायचं, कुणाच्या लग्नात तो कसा राबला, कुणाच्या आजारपणात कसा धावला. आणि शेवटी दोष. तो ती नेहमी स्वतःवर घ्यायची. 'मीच तुला खाल्लं', 'मला ठाव होतं, ठाव असून म्या गप बसले', 'माझ्याच हातानं तुला घालवलं'.

आमच्याकडं बायका अशाच रडतात. जी मागं राहिली तिनं सगळं पाप तोंडानं स्वतःवर ओढून घ्यायचं आणि बाकीच्यांनी 'न्हाय गं बाई, तुजं काय चुकलं' असं म्हणत तिला उठवायचं. आजी अंथरुणाला खिळून गेली. तिचं सगळं आईनं केलं, तिच्या तोंडात शेवटचं पाणीही आईनंच घातलं. तरी आईचा हेल होता, 'म्या तुमाला घोटभर पाणी दिलं न्हाय ओ आत्याबाई!' गल्लीतल्या एकीनंही विचारलं नाही की बाई, का दिलं नाहीस. सगळ्यांना माहीत होतं, ज्या सुनेनं खरंच पाणी दिलेलं नसतं तिला असं रडता येत नाही. रडून झालं की आई पदरानं तोंड पुसायची आणि तितक्याच खणखणीत आवाजात विचारायची, "च्या कुनी ठेवलाय का?"

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते यावरूनच झालं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सासरच्या शेततळ्यात बुडून गेली. शेततळ्याला आतून जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर पाय ठरत नाही. आत पडलेलं कुत्रंसुद्धा नखं खरडून खरडून मरतं. सासरचे म्हणाले, मोटार चालू करायला गेली आणि घसरली. आम्ही म्हणालो, घरातल्या मिक्सरच्या बटणाला घाबरणारी बाई मोटार चालू करायला जाईलच कशी? तिच्या दंडावर बोटांचे वळ होते. कोर्टात असं ठरलं की ते वर काढताना पडले असतील. नवरा सुटला. त्याला मी दाजी म्हणायची, आता जीभ वळत नाही. त्यानं दुसरं लग्न केलं, गाडी घेतली. अक्काला मूल नव्हतं, त्यामुळं त्या घरात तिची आठवण ठेवायलाही कुणी उरलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी दादाला, म्हणजे माझ्या भावाला, पुण्याहून एका मुलीचा फोन आला. आधी ती वर्तमानपत्रात होती, आता पॉडकास्ट करत होती. खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी, भागाभागानं, कानात घालून ऐकायच्या. अक्कावर तिला एक मालिका करायची होती. दादाचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, दिवसभर तो लोकांना कोणत्या किडीला काय मारायचं ते सांगतो, आणि बहिणीच्या बाबतीत मात्र आपल्याला काहीच करता आलं नाही हे त्याला आतून पोखरत होतं. तो म्हणाला, "लोकं ऐकतील, बोंब होईल, केस परत उघडंल." बुडत्याला काडीचा आधार. आम्ही सगळ्यांनीच ती काडी धरली.

असले पॉडकास्ट मला नवीन नव्हते. मी उमरग्याच्या एका शाळेत शिकवते. जीपमधून जाता-येता आमच्या गणिताच्या बाई कानात दोऱ्या खुपसून खून ऐकत बसतात. मीही भांडी घासताना ऐकायची. मधल्या सुट्टीत डबे उघडले की चर्चा सुरू. तिनं दार उघडलंच कशाला? एकटी गेलीच कशाला? आधी मार खाल्ला तेव्हाच माहेरी का आली नाही? बायका हे का ऐकतात असं लोक मोठ्या कोड्यात पडल्यासारखं विचारतात. त्यात कोडं कसलं? मेलेल्या बाईची एखादी चूक सापडली की ऐकणारीला हायसं वाटतं. ती चूक आपण करणार नाही, म्हणजे आपण वाचलो. पुरुषांचं वेगळं. दहावीला दोनदा बसलेला माणूसही तिसऱ्या भागापर्यंत फौजदार झालेला असतो.

तर ती मुलगी आली. सुती कुर्ता, केस मागं बांधलेले, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारी. बोलायला गोड, आणि ते गोड बोलणं खोटं नव्हतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. आवाज भरायचं यंत्र तिनं जीपमधून उतरतानाच चालू केलं होतं. तिला गल्लीचा आवाज हवा होता, दाराची कडी हवी होती, आपण घरात शिरतो ते ऐकणाऱ्याला कळायला हवं होतं. मी आईला सांगितलं, "अक्कासाठी आल्यात या, पुण्याहून."

आईनं तेवढंच ऐकलं. तिच्या लेखी लेक गेल्यानंतर पहिल्यांदाच उंबरा चढलेली ही बाई समाचाराला आली होती. आई उठली, त्या मुलीच्या गळ्यात पडली आणि तिनं हेल काढला. "माझ्या लेकी गं, तुला ठाव असून धाडली गं म्या! माझ्याच हातानं तुला पान्यात लोटली गं! मीच तुजी वैरीन झाले गं माय!"

त्या मुलीनं 'तुमचं काय चुकलं' म्हणायला हवं होतं. तिला ते माहीत नव्हतं. तिनं एका हातानं आईची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हातातलं यंत्र आईच्या तोंडाजवळ आणलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी बघत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या होत्या. मग आईनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "च्या घेनार ना, बाई?"

त्यानंतर आई सगळी दुपार बोलली. शांतपणे, एकामागून एक. अक्का पंचमीला आली तेव्हा तिच्या मनगटावर काय दिसलं. शेवटचा फोन कधी आला, त्यात ती काय म्हणाली आणि मागून कोण ओरडलं. आई नि दादा पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्यांना कसं बसवून ठेवलं. शेजारची एक बाई आधी काय सांगत होती आणि कोर्टात काय बोलली. केस उघडायची असती तर त्या दुपारच्या बोलण्यात सगळं होतं. मध्येच बाहेरून ट्रॅक्टर गेला की ती मुलगी म्हणायची, "काकू, हे वाक्य परत एकदा सांगाल?" आई परत सांगायची. दोनदा सांगितलेलं तिसऱ्यांदा सांगताना आवाज सपाट होतो, कुणाचाही होईल. शेवटी तिनं आम्हां सगळ्यांना गप्प बसायला लावून रिकाम्या घराचा आवाज भरून घेतला. नंतर तुकडे जोडताना लागतो म्हणाली. आईनं तिला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही वाढलं. भाकरी थापण्याचा आवाजही तिनं घेतला. जाताना वाकून आईच्या पाया पडली.

अक्काच्या नवऱ्याकडंही ती गेली होती. त्यानं दारातूनच सांगितलं, मला काही बोलायचं नाही. वकिलानं पढवलेलं असणार. तोंड न उघडणारा माणूस पॉडकास्टच्या काय कामाचा? त्याच्या नावावर एक वाक्य खर्ची पडलं आणि तो सुटला. दुसऱ्यांदा सुटला.

पहिले तीन भाग ठीक होते. दादा दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचा. चौथ्या भागाच्या सुरुवातीला गल्ली आली, कडी वाजली, आणि आईचं रडणं आलं. पूर्ण नाही. लेकीच्या आवडीनिवडी, तिच्या लहानपणीचं जे काही होतं ते कापलेलं. उरलं ते एवढंच, ठाव असून धाडली, माझ्याच हातानं पाण्यात लोटली, मीच वैरीण. मग थोडी शांतता. ती आमच्याच घराची होती, आम्ही गप्प बसून दिलेली. आणि मग त्या मुलीचा आवाज हळूच विचारतो, "आईला नेमकं काय ठाऊक होतं?" एक ढोल वाजतो. आणि लगेच तोच आवाज, त्याच मायेनं, केसांच्या तेलाची जाहिरात करतो.

आईची सगळी दुपार त्या भागात कुठंच नव्हती. फोनवरचं बोलणं नाही, मनगट नाही, ठाणं नाही.

खाली लोकांनी लिहिलं होतं. मी सगळं वाचलं, वाचायला नको होतं. कुणी म्हणे आईनंच पैसे खाल्ले असतील. कुणी म्हणे इतकं सुरात कोण रडतं, हे पाठ केलेलं आहे. एका शहाणीनं लिहिलं होतं की खरं दुःख मुकं असतं. तिच्या घरात मुकं असेल बाई, आमच्या घरात त्याला तोंड आहे. पण सांगणार कुणाला? उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यांना जीभही उचलावी लागत नाही, नुसता अंगठा पुरतो.

मी त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही आरोप केलेला नाही, फक्त प्रश्न विचारलाय."

"तो प्रश्न आईला विचारायचा होता. ती तुमच्या समोर बसलेली होती."

"पाचव्या भागात आम्ही समतोल आणतोच आहोत. पण काकूंची बाकीची मुलाखत... माहिती चांगली आहे, त्यात भावना येत नाही. लोक तिथं बंद करतात. आमच्याकडं दिसतं कुठं बंद केलं ते."

मी तिला आमचं रडणं समजावून सांगितलं. बाई कशी पाप ओढून घेते, बाकीच्या कशा उठवतात, सगळं. तिनं मनापासून ऐकलं. मग म्हणाली, "हे फार छान आहे. यावर एक जादा भाग करूया. काकू स्वतः येऊन स्पष्टीकरण देतील."

"म्हणजे आईनं तुमच्यापुढं साक्ष द्यायची?"

"तसं नाही म्हणत आहे मी."

मी फोन ठेवला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सुळावर बसून संन्याशानं छान बोलायचं. मी पाणी प्यायले, आणि वर्गावर गेले. पाचव्या भागात समतोल म्हणून एक मानसतज्ज्ञ बोलले. आयांच्या अपराधी भावनेबद्दल.

तो चौथा भाग अक्काच्या सासरच्यांनीच गावोगाव पाठवला. त्याचं मला काही वाटलं नाही, वैऱ्यानं वैर करावं. मला जाळलं ते आमच्याच बायकांनी. गिरणीवर दळणाला उभी असताना एक बाई आईला म्हणाली, "काकी, तुमाला आदीच ठाव होतं म्हनं?" ही तीच, जिच्या नवऱ्याच्या मयताला आईनं हेल काढला होता, आणि जी स्वतः ओरडली होती की मीच माझ्या धन्याला खाल्लं. तिला कुणी विचारलं नव्हतं, खाल्लं म्हणजे काय केलंस? जन्मभर जे कानांनी ऐकलं, तोंडानं म्हटलं, ते मोबाईलमधून आल्याबरोबर या बायकांना पुरावा वाटायला लागलं.

ठाऊक होतं का? मीच लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला ढोल वाजवायला नको. मनगटावरचे वळ घरातल्या सगळ्यांनी पाहिले होते. दोन दिवस ठेवून घेतली आणि नांदायला पाठवली. मुरुमातल्या, अणदूरच्या, उमरग्याच्या कोणत्या आईनं एवढं पाहिलेलं नाही आणि तरी लेकीच्या पिशवीत चिवड्याचा डबा घालून तिला एसटीत बसवलेलं नाही? ठाऊक असणं याला म्हणत असतील, तर या जिल्ह्यातल्या निम्म्या आयांना आरोपी करा. पण पाण्यात लोटणारे हात वेगळे होते, आणि ते हात आज गाडी चालवतात.

गिरणीवरून आल्यावर आईनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि मला म्हणाली, "मला ऐकीव ते."

मी टाळलं. ती तिथंच बसून राहिली. शेवटी लावलं. आईनं स्वतःचं रडणं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. कोण ऐकतं? मान तिरकी करून ती ऐकत राहिली, एखाद्या अनोळखी बाईचं ऐकावं तशी.

"ही मीच का?"

"हो."

"म्या आसं रडते व्हय?" मग तेलाची जाहिरात लागली. आई कान देऊन म्हणाली, "आगं, ही तीच की. भाकर खाल्ली ती पोरगी."

मी म्हणाले, हो, तीच.

"तिनं मला उटीवलं न्हाय," आई म्हणाली. "म्या वाट बघत हुते, ती म्हनंल काय तरी. मग माजी मीच उठले." एवढं बोलून ती पीठ चाळायला गेली. मला रडू आलं, तिला नाही आलं.

त्यानंतर आई कुणाच्या मयताला गेली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. बाजाराला मात्र गुडघे बरे असायचे. दादानं त्या मालिकेचं नाव घरात काढायचं बंद केलं. केस उघडली नाही, उघडणारही नाही. गणिताच्या बाई आता मी जीपमध्ये असले की कानातल्या दोऱ्या पर्समध्ये ठेवतात. मी उतरले की परत घालत असणार.

या वर्षी अणदूरचे मामा गेले. आईचा पाठचा भाऊ. बरीच वर्षं साखर होती, पाय कापला होता, शेवटी मूत्रपिंडं गेली. सगळ्यांना अंदाज होता, तरी फोन आल्यावर आई भिंत धरून उभी राहिली. मी, दादा आणि आई गाडीनं निघालो. खंडोबाच्या देवळाचा कळस दिसला तेव्हा तिनं हात जोडले आणि पुटपुटली, "लहानपनी त्याला खांद्यावर घिऊन जत्रा दावली म्या." मला बरं वाटलं. वाटलं, हेल जुळतो आहे आतल्या आत. आज मोकळी होईल.

दारात गर्दी होती. आईला बघून बायकांनी वाट दिली. मामी आत मामांच्या डोक्याशी बसली होती. तिनं आईला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले. सगळ्याजणी थांबल्या. थोरली बहीण आली होती, आता तिनं सुरू करायचं, मग बाकीच्यांनी. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

आईनं तोंड उघडलं. आवाज घशापर्यंत आलेला मला दिसला, गळ्याची शीर तटतटली होती.

मामीच्या मागं त्यांची धाकटी सून फोन धरून उभी होती. मामांची नात परदेशात शिकायला आहे, तिला शेवटचं दर्शन घडवत होती बिचारी. आता सगळ्यांच्याच घरी करतात. फोनचा डोळा मामांच्या चेहऱ्यावरून वर उचलला गेला, येणाऱ्या आत्याआजीकडं.

आईनं तोंड मिटलं. पदर नीट केला. मामीच्या पसरलेल्या हातांपासून वीतभर अंतरावर ती ताठ बसली, आणि फोनकडं बघत, हळू आणि स्पष्ट, ट्रॅक्टर गेला तर परत सांगावं लागू नये अशा आवाजात म्हणाली,

"माजा भाऊ साखरंच्या बिमारीनं गेला. म्या तवा मुरुमला हुते. माज्या लेकाला इचारा."